घरचाच माणूस

एमआयडीसीसमोरच्या हॉटेलात तो रोज सकाळी चुरमुऱ्यांची सुशीला खायला यायचा. टॉवेलच्या कारखान्याचा मालक. नाव मी कधी विचारलं नाही. त्याचं कुटुंब केवढं मोठं आहे, ते मात्र तो रोज ऐकवायचा. "आपल्याकडं कामगार कुणी न्हाय. सगळी घरची माणसं," असं म्हणताना उजवा हात छातीवर जायचा आणि सुशीला गार होईपर्यंत तिथंच असायचा. घरच्या माणसाला नेमणूकपत्र देणं त्याला परकेपणाचं वाटे. पीएफ, ओव्हरटाइम, भरपगारी रजा हे परक्यांचे चोचले. इतकी माया मी सख्ख्या भावांतही पाहिलेली नाही.

मग त्यानं मागावरच्या एका जुन्या कामगाराला काढलं. नोटीस नाही, कारण नाही. गेटवरूनच परत पाठवलं. तो कामगार न्यायालयात गेला. मालक निर्धास्त होता.

"वकील म्हणला, कामगार नव्हताच म्हणून सांगायचं," तो मला समजावत होता. "घरचा माणूस, यायचा, हातभार लावायचा."

नेमका तोच माणूस आत आला आणि शांतपणे समोरच्या खुर्चीवर बसला.

"मालक, कोर्टात तेच सांगा की. मी बी व्हय म्हणतो, घरचाच हाय मी. फकस्त वाटणी कधी करायची, तेवढं सांगा."

मालकाचा हात छातीवरून खाली आला.

"वाटणी कसली रं? कामगार हाईस तू माझा," तो ओरडला.

सगळ्या हॉटेलनं ऐकलं.