कढीपत्त्यावरची अळी

टायफॉइडमधून उठलेली माझी सात वर्षांची इरा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ताप उतरला होता, पण तिची बडबड परतली नव्हती. एका सकाळी मी तिला कोवळ्या उन्हात बसवायला गॅलरीत नेलं. कुंडीतल्या कढीपत्त्यावर एक गुबगुबीत हिरवी अळी पान कुरतडत होती. ती झटकायला मी हात उचलला, तोच इरा म्हणाली, "आई, नको ना! जेवतेय ती."

कितीतरी दिवसांत ती आपणहून पहिल्यांदाच बोलली होती. मग तिनं पानाजवळ कान नेला. "हिला दात असतात का गं? पोट भरलं हे हिला कसं कळतं?"

मी उचललेला हात खाली घेतला. औषधानं ताप उतरतो, हे मला ठाऊक होतं. पण आजारात मुलांचं कुतूहल जातं तरी कुठे? पुस्तकं, खेळणी, मोबाइल, सगळं देऊन झालं होतं. अळीनं तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. सारखं "कसं वाटतंय?" न विचारणारं कुणीतरीच तिला हवं असेल का?

ऊन चढू लागलं. "आत जायचं ना?" मी विचारलं.

"थांब गं," ती नजर न हलवता म्हणाली, "अजून अर्धं पान उरलंय."