अंबाडीचं पान अन् बाकावरची जागा

दोन हजार बावीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंतच, पण वाद घालायला तेवढी पुरते.

आमच्या टेंभुर्णीत चहाच्या हॉटेलापुढं एक बाक आहे. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला रिटायर गुरुजी. वीस वर्षांपासून जागा ठरलेल्या. त्या दिवशी सकाळी गुरुजींनी पेपर वाचून सांगितलं, गांजा पिकवायला कायद्यानं मोकळीक द्यावी असं काही लोक म्हणून राह्यले. वर स्वतःचं जोडलं, "अक्कल गहाण ठेवली लोकांनी."

गुरुजी नको म्हणाले म्हणजे मला हो म्हणणं भागच होतं.

"शिवरात्रीला भांग घोटतात तव्हा कोणी काही म्हणत न्हाई. मंग एकाच झाडाची दोन लेकरं, एक देवापुढं अन् एक जेलात? हा कुठला न्याय?"

सगळे हसले. गुरुजी न्हाई हसले. "अहो तिसरी पास, दारूलाही कायद्यानंच मोकळीक आहे. तिच्यापायी आपल्या गल्लीत किती चुली विझल्या, सांगा."

जवाब नसला की मला खोडी सुचते.

दुपारी शेतात गेलो. चारच्या चहाला कागदात एक डहाळी गुंडाळून आणली अन् बाकावर हळूच उघडली. लांब बोटांची, दातेरी काठाची पानं.

"बोला गुरुजी, हे काय?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला अन् एकदम मागं सरकले. "गांजा! कुठून आणला?"

"माझ्या तुरीत आहे की. या बांधापासून त्या बांधापर्यंत."

हॉटेलवाल्याचा हात किटलीवरच राहिला. शेजारचे दोघं बाक सोडून उभे.

"बराबर पाहा. चुकलात तं बाकावरची जागा सोडावी लागंल."

"सोडली! चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. बिलकुल गांजाच आहे. आत टाकतील तुम्हाला."

मी एक पान तोडलं अन् कचाकचा चावलं. "आंबट आहे. अंबाडी हो गुरुजी! परवाच माझ्या घरून तुमच्याकडं जुडी गेल्ती. भाकरीसंग खाल्ली असंल."

काय हसले लोक! गुरुजींनी पेपराची घडी घातली, छत्री उचलली अन् निघून गेले.

घरी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको अंबाडीच निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अन् तुम्ही कधी पाह्यलाय गांजा?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"लग्नात तंबाखूचं पान खाल्लं तं मांडवात आडवे झाल्ते. अन् चालले गांज्याची वकिली करायला. आता बसा बाकावर एकटे."

गुरुजी शब्दाचे पक्के. सोडली म्हणाले म्हणजे सोडली. मला जेवण गोड लागेना. त्या विझलेल्या चुली मी बोटांवर मोजायला लागलो, अन् एका हाताची बोटं संपल्यावर मोजणं सोडलं.

सकाळी उठलो, अंबाडीची एक जुडी घेतली अन् गुरुजींच्या दारात उभा राह्यलो. माफी-बिफी काही न्हाई मागितली.

"गांजा आणलाय," म्हणलं. "धुऊन घ्या."

गुरुजींनी जुडी घेतली.

"चुलींचं बराबर बोलले तुम्ही. पण बाकावर येऊन बोला. इथं दारात मला ऐकू येत न्हाई."

अन् खुंटीवरची त्यांची छत्री मीच काढून घेतली.