चार जीव आणि एक 'ण'

ती घटना आठवली की आजही मला एकट्याला हसू फुटतं. बायको आतून विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, तळं आठवलं." पुढचं तिला पाठ आहे.

दिल्लीच्या कडेला, एका मोठ्या जलाशयाजवळच्या पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. ठाण्यात तर माझ्या मराठीला काही कामच नव्हतं. सुट्टीला तळ्यावर ही गर्दी! पायडल बोटी, भुट्टे, पक्ष्यांचे फोटो काढणारे हौशी. आमच्या वाट्याला हरवलेली पोरं आणि पार्किंगची भांडणं.

त्या शनिवारी दुपारी बोटींच्या तिकीट खिडकीवरच्या माणसाचा फोन आला. आमच्या हेड कॉन्स्टेबलनं तो घेतला आणि धावतच माझ्या खोलीत आला. "साब, खूण का मामला सै!"

हा गडी रोहतककडचा. पानीला 'पाणी' म्हणणार आणि खूनला 'खूण'. त्याच्या तोंडून 'खूण' आलं की मी मनात 'खून' करून घ्यायचो, वर्षानुवर्षांची सवय. खबर अशी होती: एक मुलगा आणि एक मुलगी झुडपामागे बसून कुठल्याशा भाषेत कुजबुजताहेत. त्याला कळलं तेवढं असं: कालचा खून बिघडला, आज संध्याकाळच्या आत पक्का करायचा म्हणताहेत. सारखं 'चार, चार' चाललंय. शिवाय कुणी बाई येणार असावी, कारण दर दोन वाक्यांनी 'आई, आई', म्हणजे हिंदीतलं 'आली, आली', ऐकू येतं.

चार जीव! मी साध्या कपड्यांत होतो, तसाच जीपमध्ये बसलो. दोघं सापडली तेव्हा गुडघ्यांना चिखल आणि हातात दगड. झालं, माझी खात्रीच पटली. दोघांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

नवशिका अधिकारी पहिल्याच प्रश्नाला 'खून' शब्द काढतो आणि समोरचा सावध होतो. मी काढला नाही. मुलाला विचारलं, "पत्थर किसलिए?"

"ऐसे ही, सर."

महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून मुलीला तेच विचारलं. ती म्हणाली, "बर्थडे की सजावट."

दगडांची सजावट! जबाब जुळत नव्हते, दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. पण एक सांगतो, घाबरलेला निर्दोष माणूस सराईत गुन्हेगारापेक्षा फार वाईट खोटं बोलतो. ही दोघं तर खोटं बोलण्यात अगदीच कच्ची होती.

मग मी जुनी युक्ती केली. दोघांना एका बाकावर बसवलं आणि समोर वर्तमानपत्र उघडून जांभया देत बसलो. थोड्याच वेळात कुजबुज सुरू झाली. आणि तीही चक्क मराठीत!

"अरे, ट्रॅक्टर निघाला असेल," मुलगी रडवेली झाली होती. "काठ सपाट करत तो सरळ आईवरच येणार. खूण केली नाही तर चारही अंडी चिरडतील रे!"

"सांगून टाकू का यांना?"

"वेडा आहेस का? मागच्या आठवड्यात दुसऱ्या घरट्यातली अंडी एका माणसाला विश्वासानं दाखवली, तर त्यानं उचलून नेली ना!"

वर्तमानपत्र माझ्या हातातच राहिलं. खूण! माझी आई धोब्याकडे द्यायच्या कपड्यांवर करायची, ती खूण!

"अगं, खूण कशाची?" मी विचारलं.

दोघं ताडकन उठली. "अय्या! सर, तुम्ही आपले?"

मग तिनं एका दमात सगळं सांगितलं. दोघं करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. डोकं शिणलं की तळ्यावर पक्षी बघायला यायची. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते. पायाखाली आली तरी कळत नाहीत. दगड रचून केलेली कालची खूण कुत्र्यांनी उधळली होती. 'आई' म्हणजे टिटवी. ती उठली की नवे दगड रचायचे होते.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"सर, विश्वास कुणावर ठेवायचा? त्यातून तुम्ही हिंदीत विचारलंत. टिटवीला हिंदीत काय म्हणतात तेच आठवेना!"

दोघांना घेऊन, सायरन वाजवत जीप तळ्यावर नेली. ट्रॅक्टर काठावर पोचला होता. त्याच्या समोर पंख पसरून, जिवाच्या आकांतानं ओरडत टिटवी उभी होती, तसूभरही हलत नव्हती. मूठभर पाखरू ते! हेड कॉन्स्टेबलनं चालत्या जीपमधून उडी मारली आणि दोन्ही हात पसरून तिच्या शेजारी उभा राहिला. ट्रॅक्टर थांबला. जीपमध्ये सगळं ऐकल्यावर आपली चूक हेड कॉन्स्टेबललाही कळली होती. गेटवरचं पिवळं बॅरिकेड त्यानं ओढत आणलं, अंड्यांपुढे रोवलं आणि हात झटकून म्हणाला, "इब पक्की खूण हो ली, साब!"

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचा शब्द मनात दुरुस्त केला नाही. या प्रकरणानं मला तेच शिकवलं. समोरचा काय म्हणतो ते ऐकण्याआधीच आपण ते आपल्या सवयीनं दुरुस्त करून घेतो, आणि तपास तिथंच चुकतो.

पुढे एका सकाळी हेड कॉन्स्टेबल आला आणि कडक सॅल्यूट ठोकला. "साब, चारों फरार!" पिल्लं अंड्यांतून निघून आईमागे पाण्याकडे पळाली होती. मी लगेच करोल बागेत फोन लावला आणि मुद्दाम पोलिसी आवाजात सांगितलं, "चारही आरोपी निसटले." पलीकडे मुलगी आधी खळखळून हसली आणि मग रडायलाच लागली.