वालाची राखण आणि 'शामार'

चौकहून लोधिवलीकडं येताना लागणाऱ्या एका प्रार्थनागृहाच्या आवारात मी राखणदार म्हणून लागलो. गाव परभणीकडं, शाळा सातवीतच सुटलेली. इथं छप्पर मिळालं, दोन वेळचं जेवण मिळालं. ते उपकार विसरायचे नाहीत. पण आवारातच राहणाऱ्या निवृत्त गुरुजींच्या हिब्रूनं जीव नकोसा केला.

गुरुजी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हिब्रूचे धडे लिहायचे आणि आधी मला ऐकवायचे. म्हणायचे, "तुला कळलं तर कुणालाही कळेल." यात कौतुक किती नि टोमणा किती, ते मी विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात 'शामार' हे क्रियापद चाललं होतं. अर्थ, राखणं. वाटलं, आपलंच काम, सोपं जाईल. कसलं सोपं. आपल्या कोशात 'राखणे' असतं; त्यांचं क्रियापद सुरूच होतं 'त्याने राखलं' इथून. हातात घ्यायच्या आधीच काम उरकलेलं. मग शोमेर म्हणजे राखणारा, निश्मार म्हणजे त्यानं स्वतःला जपलं. मेंढरं राखा नाहीतर आज्ञा पाळा, मूळ अक्षरं तीच तीन. मी रूपं घोकायचो आणि जीव मागच्या वालांत अडकलेला.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर विश्वस्तांनी ते वाल माझ्याकडून पेरून घेतले होते. राखायचे मीच. कुंपण मात्र घातलं नव्हतं. आमच्या परभणीकडं ज्याची गुरं त्यानं सांभाळायची; दुसऱ्याच्या रानात शिरली तर मालकानं बोलणी खायची.

एका सकाळी निश्मारमधून सुटून बाहेर आलो, तर शेजारच्या काकींची गुरं वालात. तावातावानं त्यांच्या दारात गेलो.

"काकी, गुरं बांधत जा की."

"कशाला बांधू रं? भात निघालं की समद्या गावाची गुरं मोकळीच असतात. ज्यानं पेरलं त्यानं काट्या लावायच्या, नायतर बसून राखायचं. तुला कुणी सांगितलं नाय?"

"नाही."

"मग रोज आत बसून शिकतोस तरी काय?"

'राखणं' असं सांगायची हिंमत झाली नाही.

रविवारी विश्वस्त येणार होते. वाल बघून मला गावी धाडतील, ही धास्ती बसली. शेवटी गुरुजींना सांगून टाकलं. त्यांनी वही मिटली.

"तुझ्या कामाच्या वेळेत धडा मी घेतला. त्यांना तसंच सांगतो."

सांगितलंही. नोकरी राहिली. अर्धेअधिक वालही राहिले.

करवंदीच्या काट्या तोडून पुरं कुंपण होईपर्यंत गुरुजी रोज खुर्ची बांधावर आणू लागले. मला वाटलं, सोबतीला बसतील.

"शोमेर हे रूप कसलं?"

"गुरुजी, म्हैस आली."

"मी रूप विचारलं."

मी कोयता टाकून म्हशीकडं पळालो. गुरुजीही मदतीला उठले. त्यांना लांबचं नीट दिसत नाही. आंब्याच्या झाडावर काठी उगारून ते मोठ्यानं "हाड्, हाड्" करत होते, आणि म्हैस त्यांच्या मागून वालात शिरत होती.