तोच पाय

आमच्या नातीला कबड्डी खेळायचा पगार मिळतो. आमच्या वेळी हुतूतू खेळून घरी आलं की मार मिळायचा, त्यामुळे हे वाक्य बोलताना अजून माझी जीभ अडखळते.

गेल्या हिवाळ्यात जळगावला तिचा अंतिम सामना होता. जिंकली तर मोठ्या संघात जागा पक्की. मी धुळ्याहून एसटीनं गेले आणि अगदी पुढं जाऊन बसले. शेवटचं मिनिट, गुण बरोबरीत. समोरून चढाईला आली फैजपूरची एक उंच मुलगी, उजव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली. नातीनं कोपऱ्यातून झेप घेतली नि नेमका तोच पाय धरला. मुलगी पडली ती उठलीच नाही. तिला उचलून न्यावं लागलं. पकड नियमात होती, पंचांनी गुण दिला, आम्ही जिंकलो. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. वय वर्षं बहात्तर.

घरी आल्यावर नात दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर डोळे पुसत बसलेली दिसली.

"कसाले रडस पोरी? काय व्हयनं?"

"अक्का, सरावाच्या शिबिरात ती नि मी एकाच खोलीत होतो. तिच्या त्या गुडघ्याला रोज मीच तेल चोळायचे. कुठं दाबलं की दुखतं, हे मला माहीत होतं." मग नाक ओढत म्हणाली, "मी मोठ्या संघाला 'येत नाही' म्हणून कळवते. तू तर स्वतःहून हात वर केला होतास."

झाली का पंचाईत!

हा हात वर केल्याचा किस्सा मी पन्नास वर्षं घरोघर सांगितलाय. शिंदखेड्याला शाळेत असताना सामन्यात चढाईवाल्या मुलीचा हात मला निसटता लागला, पंचांना दिसलं नाही, पण मी आपणहून हात वर करून "मी बाद!" म्हणत बाहेर पडले. आम्ही एका गुणानं हरलो. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. ती दोन वेण्यांची येडी, म्हणजे मीच, त्या टाळ्यांनी अशी फुगली, की महिनाभर वर्गात मान वाकडी करून बसायची.

"मला कोणाचाच हात लागला नव्हता," मी म्हटलं. "मना परकरनी नाडी सुटेल व्हती."

एक हात वर होता, दुसऱ्यानं कंबर धरलेली. दुसऱ्या हाताकडे कोणी पाहिलंच नाही.

नात आधी हसली, पोट धरून हसली. मग माझ्याकडं वळली.

"जिल्ह्याच्या निवडीत तुझं ऐकून मी हात वर केला होता, अक्का. वर्षभर घरी बसले त्यापायी. नाडीपायी!"

तेव्हा मीच तिची दृष्ट काढली होती.

"आणि परवा 'तोच पाय धर' असं कोण ओरडलं?"

"एवढ्या गर्दीत कोणीही ओरडलं असेल."

"अक्का."

मीच ओरडले होते. का ओरडले, ते विचारू नका. तोंडातून निघालं.

शेवटी तिनं त्या मुलीला फोन लावला, मलाही ऐकू येईल असा. गुडघा कसा आहे, मी संघात जात नाहीये, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून ती तडकली.

"मग माझा पाय काय फुकट मोडलास? जा गुपचूप. तुझ्या जागी मी असते तर मीही तोच धरला असता. पण यापुढं माझ्या गुडघ्याला हात लावायचा नाही. तेल लावायलासुद्धा नाही."

फोन बंद.

"माफ केलं का गं तिनं?" नातीनं विचारलं.

"नही माहीत, माय."

नात संघात गेली. जाताना त्या मुलीचा नंबर माझ्या फोनमध्ये घालून म्हणाली, "माझा फोन ती उचलत नाही. चौकशी तू कर." म्हणून दर रविवारी मी करते. ती "आजी, आजी" करत छान बोलते. प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालते, सगळं सांगते. नातीचं मात्र नाव काढत नाही. परवा पहिल्यांदाच म्हणाली,

"पहिल्या सातात घेतलं का तिला?"

"हो."

"बरं," म्हणाली.

ते 'बरं' कसलं होतं, मला कळलं नाही. नातीला विचारलं, तिलाही कळलं नाही.