उकिडवं बसून दाखव

"उकिडवं बसून दाखव," सर म्हणाले. "वीटभट्टीवर तुमच्या बायका बसतात तसं."

मोठं टेबल, गार एसी, खुर्च्यांवर बाकीचे इंटर्न. एम.एस्सी. करताना गुडघ्याच्या संधिवाताचं इमेजिंग शिकायला मी पनवेलच्या त्या संशोधन केंद्रात लागले होते. दुसराच आठवडा. अंगात नवा कुर्ता.

मी बसले. बसले, हे आधीच सांगून टाकते. सरांनी पेनाने माझा गुडघा टोचून दाखवला. भार कुठे येतो, वाकतं कुठे. एकाने फोटो काढला. हिला किती सहज जमतं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

जमणारच. आम्ही कातकरी. दिवाळी सरली की आई-बाप भट्टीवर, आणि मी आईच्या शेजारी उकिडवी बसून विटा थापायची.

अभ्यास भट्टीवरच्या बायकांच्या गुडघ्यांचाच होता. त्यांना गाडीतून आणायचं, उभं करायचं, समोरून एक्स-रे काढायचा. हाडांमधली फट मी स्क्रीनवर मोजायची. फट चांगली दिसली, म्हणजे गुडघा झिजलेला नाही असं धरून सर शेरा लिहायला सांगायचे, तक्रार अतिरंजित. खाली सही करायचे. ती बाई अभ्यासातून बाद. तिला औषध नाही, पुढची तपासणी नाही. मी लिहीत गेले. एक दिवस आईची फिल्म आली. तिच्या नावापुढेही मी तेच लिहिलं. लिहिताना थांबले नाही, याची मला अजून चीड येते.

घरी गेले तर आई चुलीपुढे एक पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "तुमच्या फोटूत कायच नाय, मंग मी काय नाटक करते?"

मला तोंड वर करता येईना. कुठे दुखतं, म्हणून विचारलं. तिने गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवलं. उभं राहिलं की नाय, बसलं की दुकतं, म्हणाली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. या बाया दिवसभर बसून राबतात, आणि आम्ही त्यांचे फोटो उभ्याने काढतो. आयुष्यभर उकिडवी बसलेली मी, मलाही ते सुचलं नव्हतं.

एक्स-रे काढणाऱ्या ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी आईला बोलावून गुडघा वाकवून, वाटीचा वेगळा एक्स-रे घेतला. वाटीमागची कूर्चा, हाडांमधली मऊ गादी, झिजून गेली होती. हाडावर हाड. मग बाद केलेल्या बायकांना परत बोलावलं. एकीमागून एक तेच दिसलं. प्रत्येकीच्या हातात ताईंनी तिच्या दोन्ही फिल्म आणि शेऱ्याची प्रत दिली.

मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, तुमच्यातली असून डोकं आहे तुला. पुढच्या महिन्यात मुंबईहून मोठे डॉक्टर आले. पडद्यावर त्याच फिल्म, खाली सरांचं एकट्याचं नाव. बाद केलेल्या बायकांबद्दल अवाक्षर नाही. मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, चल, पाहुण्यांना बसून दाखव.

मी जागची हलले नाही.

"तुम्ही बसा," मी म्हणाले. "गुडघ्यांचा अभ्यास तुमचा आहे ना? बसा उकिडवं."

कुणी हसलं नाही. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने मला बाहेर काढलं, सर्टिफिकेट मिळणार नाही म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याला सर म्हणत नाही.

मी लेखी तक्रार केली आहे. चौकशी लागली आहे. बायका आपापल्या फिल्म घेऊन येणार आहेत, आई सगळ्यांत पुढे. शेऱ्याखाली सही त्याची आहे, अक्षर माझं. मी दोन्ही दाखवणार आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे, पण तो सुटता कामा नये. चौकशीच्या दिवशी खुर्च्यांवर बायका बसतील, पाय लांब करून. तो उभा राहील. आणि त्याचे गुडघे दुखायला लागले, तर ते मी अतिरंजित म्हणून लिहीन.