कॉफी भाजली, अण्णा उचलले

आमच्या घराला आग लागली नव्हती. त्या सकाळी जिन्यात भेटेल त्याला मी हेच सांगत होतो. पण माझ्या भुवया जळाल्या होत्या, त्यामुळे कुणाचा विश्वास बसेना.

आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे अण्णांना, मी तिसगावहून सावेडीतल्या फ्लॅटवर आणलं. पाच महिने माणूस खिडकीशी खुर्चीत. बोलणं बंद. हाक मारली की दोन घास खायचे आणि पुन्हा खुर्ची.

सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, शाळेतल्या मैत्रिणीनं चिकमगळूरहून कॉफीच्या कच्च्या बिया आणून दिल्या. "लोखंडी कढईत, मंद आचेवर, सारखं हलवा," असं बजावून सुनीता शाळेत शिकवायला गेली. वासानं तरी अण्णा जरा हलतील, असं मला वाटलं. (हलले. कसे, ते सांगतो.)

मंद आचेवर बिया ढिम्म! मी गॅस मोठा केला. बिया तडतडल्या, सालं उडाली, धूर कोंडला. धूर जावा म्हणून पंखा लावला, तर सालं घरभर. आईच्या फोटोच्या हारातसुद्धा! तेवढ्यात कढईतल्या सालांनी पेट घेतला. मी वाकून फुंकर मारली. (भुवया तेव्हा गेल्या.)

खालच्या शिंदेकाकू ओरडतच वर आल्या. "सिलिंडर बंद करा! आजोबा कुठायत?"

"अहो, कॉफी भाजतोय—"

"कॉफीचं काय घेऊन बसलात!"

त्यांच्यामागून चार जण घुसले आणि खुर्चीसकट अण्णांना उचलून जिना उतरू लागले. पहिल्याच वळणावर अण्णांनी पाच महिन्यांनी तोंड उघडलं.

"आरं, जित्या मान्साला चौघं कशापायी उचलताय? ती गेली. मी हाय अजून!"

चौघांनी खुर्ची वळणावरच टेकवली. 'ती गेली' हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

वर आल्यावर ते थेट स्वयंपाकघरात गेले. कढईत डोकावले.

"ह्ये काय हाय?"

"कॉफी."

"कोळसा हाय. तुझी आय शेंगदानं भाजायची, तवा चुलीम्होरनं हलायची न्हाई. तुला पाच मिंटं दम निघंना!"

उरलेल्या बिया त्यांनी स्वतः भाजल्या. उलथनं फिरवता फिरवता मधेच डोळे पुसत होते. धूर होताच, म्हणून मी काही विचारलं नाही.

बिया दळून कॉफी केली. अण्णांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"लई कडू हाय. च्या टाक."

पाच महिन्यांत त्यांनी काही मागितलं, ते हे पहिलंच! मी धावलो. डब्यात चहापावडर नव्हती. तसाच खाली शिंदेकाकूंकडे गेलो. त्यांनी डबा काढला, पण माझ्या हातात काही दिला नाही.

"तुम्ही इथंच बसा," काकू म्हणाल्या, "चहा मी वर जाऊन करते."